खाजणाकाठचे शेजारी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढलेल्या आमच्या पिढीला कोल्हेकुई ऐकायला अभयारण्यात जावं लागलं नाही. ऐंशीच्या दशकात पूर्वेकडच्या शेवटच्या इमारती संपल्या की तिवरांचं खाजण लागायचं, त्यापलीकडे ठाण्याची खाडी आणि उत्तरेला कांजूर-भांडुपची मिठागरं. दिवेलागणीला खाजणातून एक कोल्हा सूर लावायचा, मग दुसरा, मग सगळेच. घरात कुणी मान वर करून बघायचं नाही. एकटा कोल्हा वेगळ्याच आवाजात ओरडला, तर आजी तेवढी ‘भालू रडतेय’ म्हणून देवापुढे हात जोडायची.

तळमजल्यावरच्या काही घरांत तेव्हा कोंबड्या असत. तिन्हीसांजेला त्या डालग्याखाली जायच्या आणि डालग्यावर दगड बसायचा. एखादी कोंबडी गेलीच, तर कोल्ह्यापेक्षा जास्त बोलणी डालगं उघडं ठेवणाऱ्याला बसायची. घराबाहेर टाकायला अन्नही फारसं उरत नसे. शिळी भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला, भाजीची देठं कुणाच्या तरी शेळीला, मासळीचे काटे मांजराला. कोल्हा खाजणातले खेकडे, उंदीर, घुशी खाऊन आपल्या जागी सुखी होता.

सगळंच छान होतं असं मात्र नाही. मटणात विष कालवून ठेवणारे तेव्हाही होते. ‘कोल्ह्याचं शिंग’ म्हणून कवटीचा तुकडा विकणारे भोंदू दारावर यायचे आणि चांगली शिकलेली माणसं तो ताईत म्हणून घ्यायची. कोल्ह्याला शिंग नसतं. त्या एका थापेपायी किती जनावरं मेली असतील, याचा विचार केला की अजून चीड येते.

आता चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. शेजारी कांजूरचं डम्पिंग ग्राउंड आलं. रात्री पार्किंगच्या कोपऱ्यात बिर्याणीचे उघडे डबे, भटक्या कुत्र्यांसाठी ओतलेला भात, त्यावर उंदीर, आणि उंदरांच्या मागे कोल्हा. मग त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आणि ठरलेली मागणी येते: पकडून नॅशनल पार्कात सोडा.

हा उपाय वाटतो तेवढा दयाळू नाही. कोल्हा जोडीनं राहतो, हद्द धरून राहतो. अनोळखी जागी सोडलेल्याला तिथले कोल्हे टिकू देत नाहीत, मागे पिल्लं असतील तर ती उपाशी मरतात. आणि कचरा तसाच राहिला, तर रिकाम्या जागी दुसरा कोल्हा येतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं हे आपलं काम नव्हेच.

आमच्या मागच्या भिंतीलगत एका बंद पडलेल्या पाइपात एका उन्हाळ्यात मादी व्याली होती. काही जण सिमेंट घेऊन तयारच होते. शेजारच्या काकूंनी त्यांना अडवलं: ‘बाळंतिणीला घराबाहेर काढतं का कुणी?’ मग ती बाजू दोरी बांधून मुलांसाठी बंद केली आणि सगळे थांबलो. पावसाच्या तोंडावर हालचाल थांबल्यासारखी वाटली, तेव्हा काकूंनी पाइपाच्या तोंडाशी रांगोळीचा पातळ थर पसरला. पहिल्या सकाळी त्यावर पंजे उमटले होते: कुत्र्यासारखेच, पण अरुंद, पुढच्या दोन नखांचे ठिपके जवळजवळ. म्हणजे अजून घर सुटलं नव्हतं. पुढे काही रात्री रांगोळी जशीच्या तशी राहिली, तेव्हा तोंडावर लोखंडी जाळी ठोकली. पिंजरा लागला नाही, फटाकेही लागले नाहीत.

भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. 2024 मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. दिवसाढवळ्या झोकांड्या खाणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसला, तर लांब राहून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करावा. चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा. वस्तीतल्या कुत्र्यांचं लसीकरण झालं, तर कोल्ह्यांचाही धोका कमी होतो. धडधाकट कोल्हा मात्र टाळी वाजवली, काठी आपटली की निघून जातो.

त्याला निघून जायला मागे जागा मात्र हवी. धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. घरं माणसांना हवीतच, पण भरतीचं पाणी आणि कोल्हे दोघांनाही सामावणारी ती जमीन होती, आणि ती जाताना मला फार वाईट वाटतं. आमच्या हातात आज कचऱ्याची खोली आहे. तिला खालपर्यंत टेकणारं दार बसवायचं, ओला कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी घंटागाडीच्या वेळीच द्यायचा आणि कुत्र्यांचं खाणं दिवसा घालून भांडी उचलायची, एवढे तीन विषय येत्या सभेसाठी मी लिहून दिले आहेत.