स्कूल बोर्डाला मत देताना

न्यू जर्सीत मालमत्ता कराचं बिल आलं की त्यातला सर्वांत मोठा आकडा शाळांचा असतो. आमच्या गावात तो निम्म्याहून जास्त आहे. त्या पैशाचं काय करायचं हे नऊ जणांचं स्कूल बोर्ड ठरवतं. सभासदांना पगार नाही, मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तीन जागा भरायच्या. बॅलटवर पक्षाचं नाव नसतं. ही पक्षाची खूण नसली की लोक उमेदवाराला कशावरून पारखतात, हे मी इथली नागरिक झाल्यापासून बघत आले आहे. मागच्या एका निवडणुकीत तर ओळखीच्या उमेदवार बाईंसाठी दारोदार फिरले, तेव्हा ते थेट लोकांच्या तोंडून ऐकायला मिळालं.

पूर्वी ही निवडणूक एप्रिलमध्ये व्हायची आणि फार थोडे लोक मतदानाला जायचे. 2012 च्या कायद्याने ती नोव्हेंबरात नेण्याची मुभा दिली आणि बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टांनी ती घेतली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिलमध्ये लोक शाळेच्या बजेटवरही मत द्यायचे. नोव्हेंबरात गेलेल्या डिस्ट्रिक्टांत करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेट मतदारांपुढे येतच नाही. म्हणजे बोर्डावर कोण बसणार, एवढंच आता आपल्या हातात उरलं आहे. आणि नेमकं तिथेच मोठमोठ्या पदांची मतं देऊन झालेला माणूस अनोळखी नावांसमोर येऊन थांबतो. नावांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरलेला असतो. नावाशेजारी फार तर तीन शब्दांचं घोषवाक्य असतं, त्यावरून काही कळत नाही.

आमच्या रस्त्यावर एक सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची मुलं शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कर वाढवणार का?" मला वाटलं, बोलणं इथेच संपलं. पण त्यांनी बजेटचा सारांश वाचून ठेवला होता. शाळेच्या गळक्या छताचं काम दोन वर्षं पुढे का ढकललं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या सबंध फेरीत इतक्या तयारीने बोललेला दुसरा मतदार मला भेटला नाही.

आपल्या लोकांच्या घरी पहिला प्रश्न वेगळा. "आपल्यातल्या आहेत का?" मी सांगितलं, हैदराबादच्या आहेत. "मग चालेल, भारतीय आहेत ना." दिवाळीची सुटी आणि गणिताचे वरच्या पातळीचे वर्ग, हे पुढचे दोन विषय. या प्रश्नांना मी हलकं समजत नाही. न्यू जर्सीतल्या अनेक डिस्ट्रिक्टांत आज दिवाळीला सुटी असते, ती आपसूक मिळालेली नाही. कुणीतरी सभांना जाऊन ती मागितली, बोर्डावरच्या कुणीतरी ती उचलून धरली. पण आपला माणूस आहे एवढ्यावर चौकशी थांबली, की त्या माणसाला कामाबद्दल कुणीच काही विचारत नाही, आणि ते मला खटकतं.

एका दारात एक तरुण मराठी आई भेटली. "ताई, बोलते मी तुमच्याशी, पण मला मत नाही. आम्ही एच-वनवर आहोत." तिची दोन मुलं आमच्याच शाळेत, घरभाड्यातून करही भरला जातो, तरी मत नाही. साताऱ्याकडे माझी भावजय जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. इथे पालक असून भागत नाही, नागरिक असावं लागतं. आणि नागरिक असलं की घरात मूल नसलं तरी चालतं. त्या आईचा प्रश्न मात्र सर्वांत नेमका होता. "बस परत कधी सुरू होणार?"

बसचं दुखणं आमच्याकडे जुनं आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून 2 मैलांहून लांब असेल, आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून, तरच डिस्ट्रिक्टने बस दिलीच पाहिजे. त्याहून जवळच्या मुलांना बस द्यायची की नाही, हे बोर्डाच्या मर्जीवर. 2018 च्या कायद्याने राज्याच्या अनुदानाची वाटणी बदलली. काही डिस्ट्रिक्टांचं अनुदान वर्षागणिक कमी होत गेलं, त्यात आमचंही होतं. कात्री लागली ती आधी या जवळच्या बसना. दीड मैल, वाटेत चार पदरी रस्ता, आणि सकाळी दोघंही आईवडील कामावर. त्या घरात हा प्रश्न रोज उठतो.

लायब्ररीत उमेदवारांची जाहीर सभा झाली. लोकांनी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचे, उत्तराला थोडाच वेळ. बसचा प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक उमेदवार म्हणाले, निवडून आलो की पहिल्याच महिन्यात बस सुरू करतो. जोरात टाळ्या पडल्या. नोव्हेंबरात निवडून आलेला सभासद जानेवारीत शपथ घेतो, बजेटचं वर्ष मात्र जुलैला सुरू होतं. शिवाय एकट्याच्या मताने काही होत नाही, नवातले पाच लागतात. आमच्या बाईंनी हेच सांगितलं. पुढे म्हणाल्या की धोक्याचे रस्ते कुठले याची यादी टाउनशिपबरोबर बसून करावी, तिथे आधी बस द्यावी, बाकी ठिकाणी पदपथ आणि क्रॉसिंग गार्ड मागावेत. टाळ्या थोड्याच पडल्या. पण त्या हे निवडणुकीपुरतं बोलत नव्हत्या. बोर्डाच्या सभांची मिनिट्स वेबसाइटवर असतात. उमेदवार होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांत त्यांचं नाव आणि बसचा विषय सापडतो. मी त्यांच्यासाठी फिरले ते यामुळेच.

दारोदारी आणखी एक मागणी ऐकू यायची. अमुक शिक्षिका बदला, तमुक मुख्याध्यापकांना जाब विचारा. बोर्डाचं ते काम नाही. सभासदांच्या आचारसंहितेत, आणि ती कायद्यातच आहे, स्पष्ट म्हटलं आहे की त्यांनी शाळा चालवायच्या नाहीत, शाळा नीट चालताहेत ना हे पाहायचं. सुपरिंटेंडेंट नेमायचा, धोरण ठरवायचं, बजेट मंजूर करायचं. अशा मागणीला जो उमेदवार बेधडक हो म्हणतो, त्याला मी मत देत नाही.

आमच्या बाई चौथ्या आल्या. बसचं वचन देणारे गृहस्थ निवडून आले. ते वाईट मनाचे नव्हते, पण बस त्या शालेय वर्षात सुरू झाली नाही आणि होणारही नव्हती. बाई अजून सभांना जातात.

तुमच्याही गावात यंदा बोर्डाची निवडणूक असेल. मतदानाआधी निदान एका सभेला जाऊन बसा आणि उमेदवारांपैकी कोण तिथे आलं आहे ते बघा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलात तरी जा. सभा सगळ्यांना खुली असते, बोलायला नाव आणि गाव सांगितलं की पुरतं. मत नसलं तरी तुमचं बोलणं मिनिट्समध्ये नोंदलं जातं, आणि पुढच्या वर्षी मत देणारा कुणीतरी ते वाचू शकतो.