त्याला पाणी कोण भरणार?

नागपुरात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती खिडकीत बसवलेली, वाळ्याच्या ताट्यांची लोखंडी पेटी. त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी घरात जाहीर केले की संगणकाला कूलर घ्यायचा आहे, तेव्हा अण्णांनी गंभीरपणे विचारले, “त्याला पाणी कोण भरणार?” प्रश्न गैरसमजातून आला होता. पण पुढचे दोन महिने मी ज्या निवडीत गुरफटले, तिच्यात याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. माझे वडील चाळीसेक वर्षे मराठी शिकवत होते. दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी झाल्याने गेली सहा वर्षे त्यांना वाचता येत नाही. माणसाची चाहूल लागते, कडा दिसतात, अक्षर मात्र नेमके दिसेनासे होते. त्यांच्या खोलीत ‘सत्यकथा’, ‘नवभारत’, ‘युगवाणी’ यांचे बांधलेले गठ्ठे आहेत. ते स्कॅन करायचे, टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीकडून त्यांतली अक्षरे ओळखून घ्यायची आणि तो मजकूर संगणकाच्या आवाजात अण्णांना ऐकवायचा, असा उद्योग मी आरंभला. टेसरॅक्टचे मूळ ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात आहे. २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून तिला मराठी बरी वाचता येऊ लागली. पण झिजलेल्या खिळ्यांचा छापा आणि पिवळा कागद समोर आला की तीही अडखळते. मग एकेक पान तीन-चार प्रकारे उजळ-गडद करून पुन्हा वाचून घ्यावे लागते, आणि जुन्या टाइपाचे वळण तिला शिकवायचे असेल तर संगणक दिवस दिवस जुंपावा लागतो. हे शिक्षण ग्राफिक्स कार्डावर होत नाही. सारा भार प्रोसेसरवर येतो.

तो प्रोसेसर माझ्या भाच्याने निवडला होता: रायझेन ९ ७९५०एक्स, सोळा कोअरचा. कागदावर १७० वॅट, पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत वीज खाणारा आणि ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे हे आपले नेहमीचे वागणे मानणारा. त्याच्यावरचा साधा पंखा प्रत्येक पानाला किंचाळत चढे आणि पान संपले की खाली येई. खिडकीतला कूलरही आवाज करतोच, पण तो एकसुरी असतो, कानाला त्याची सवय होते. या चढउतारात मात्र अण्णांना शब्द हरवत. पंख्याचा वेग मी बांधून पाहिला. तेव्हा तापमान ९५ला टेकले आणि प्रोसेसरने स्वतःच आपली गती उतरवली. संगणक दुसऱ्या खोलीत न्यावा, तर गठ्ठे, स्कॅनर आणि घरातला एकमेव कूलर याच खोलीत.

द्रवशीतनाची कल्पना सोपी आहे. प्रोसेसरला चिकटलेल्या तांब्याच्या तबकडीवरून पंप पाणी फिरवतो, ते नळ्यांतून रेडिएटरकडे जाते, तिथल्या बारीक पत्र्यांतून पंखे उष्णता उडवून देतात आणि पाणी परत येते. आकारमानाला आकारमान धरले तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर २३० वॅटने ते एका फेरीत जेमतेम सव्वातीन अंशांनी तापते. यात कुठेही गारवा ‘निर्माण’ होत नाही. माठातले पाणी झिरपून उडते म्हणून ते भोवतालच्या हवेहूनही गार होते. इथे पाणी बंदिस्त असते, ते खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. हा फरक मला त्या वेळी पुरेसा उमगला नव्हता.

समोर तीन वाटा होत्या. पहिली हवेचीच, पण मोठी: नॉक्टुआच्या एनएच-डी१५सारखा दुहेरी बुरूज, दोन पंखे, साडेसोळा सेंटिमीटर उंची, वजन सव्वा किलोच्या वर. प्रश्न केवळ आवाजाचा असता तर तोच घ्यायला हवा होता, हे आज कबूल करते. दुसरी वाट कारखान्यातून भरून आलेल्या बंद यंत्रणेची. निरनिराळ्या नावांनी विकल्या गेलेल्या अशा अनेक यंत्रणा डेन्मार्कच्या असेटेक या एकाच कंपनीने बनवलेल्या आहेत, ही प्रकाशन-व्यवहाराशी परिचित वाचकांना ओळखीची वाटणारी गोष्ट. बसवा आणि विसरा, हे तिचे आश्वासन. परंतु रबरी नळीतून पाणी वर्षानुवर्षे अगदी मंदपणे बाहेर झिरपत राहते, पंप झिजतो. आणि भरायला तोंडच नसल्यामुळे कपभर पाणी कमी झाले म्हणून सगळे भंगारात.

तिसरी वाट मधली. जोडलेली, भरलेलीच येते, पण उघडता येते: भरण्याचे तोंड, प्रमाणित पाव इंची आट्यांची जोडणी आणि नळी मध्येच सोडवता येईल असे झटपट जोड. अल्फाकूल या जर्मन कंपनीची आइसबेअर ही मालिका या जातीची. नावाचा अर्थ ध्रुवीय अस्वल. (नागपूरच्या मे महिन्यात ते नाव वाचताना मला अस्वलाचीच दया आली.) भाचा फोनवर म्हणाला, “आत्या, वाढवता येते म्हणून लोक ती घेतात आणि कधीच वाढवत नाहीत. तू सांभाळणार आहेस का, ते आधी ठरव.” म्हणजे अण्णांचाच प्रश्न, दुसऱ्या शब्दांत.

मी ती घेतली. ओढ होती ती उघडता येण्याची. ज्या घरात पुस्तके पुन्हा पुन्हा शिवून वापरली, तिथे न उघडणारी वस्तू मला परकी वाटते. हा तर्क नव्हे, स्वभाव. तो मान्य करूनच पुढे जाते. एका बाबतीत मात्र तर्कच हवा होता. बऱ्याच बंद यंत्रणांचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि तबकडी तांब्याची असते. कारखान्यात घातलेले गंजरोधक द्रव्य दोहोंचे भांडण आवरून धरते. उघडून स्वतःच्या हाताने नुसते पाणी घातले तर ते आवरत नाही. दोन धातू आणि त्यांच्यात वीज वाहू देणारा द्रव म्हणजे विद्युत्घटच. ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून वाढवायची यंत्रणा घ्यायची तर रेडिएटरही तांब्याचाच हवा, आणि पुढे जोडायचा प्रत्येक भागही तांब्या-पितळेच्या गोत्रातला.

बसवताना मला भीती होती ती गळतीची. त्या पेटीत चार वर्षांचे स्कॅन होते. प्रती दोन ठिकाणी ठेवल्या होत्या, पण भीतीला प्रतींचे सांत्वन पुरत नाही. भाच्याच्या सूचनेप्रमाणे पहिले चोवीस तास फक्त पंप चालवला, बाकी संगणक निर्जीव. प्रत्येक जोडाखाली अण्णांच्या टेबलाच्या खणातला टीपकागद ठेवला. त्यावर एक थेंबही लपत नाही. सकाळी कागद कोरडे होते. अण्णा मात्र म्हणाले, “आत काहीतरी घोटतंय.” मला काहीच ऐकू येत नव्हते. पेटी तिरकी केली, तसे तबकडीत अडकलेले बुडबुडे सुटून रेडिएटरकडे गेले आणि ते थांबले. पंपात हवा राहिली तर तो लवकर मरतो, हे मी वाचले होते, ऐकले अण्णांनी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळे शांत, सुरेख चालले. मग ऊन चढले आणि अण्णा दुपारी अस्वस्थ होऊ लागले. कूलर चालू असताना खोली उबट का, हे मला काही दिवस कळेना. उत्तर साधे होते: प्रोसेसर थंड राहत होता, कारण त्याची सारी उष्णता मी अत्यंत कार्यक्षमतेने अण्णांच्या खोलीत ओतत होते. स्वस्थ बसलेले माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडते. म्हणजे त्या लहानशा खोलीत दिवसभर दोन-अडीच अदृश्य पाहुणे बसलेले होते. मोठा पंखा घेतला असता तरी हेच झाले असते. कोणताही पर्याय निवडा, २३० वॅट ते २३० वॅटच. मी आवाजाचा हिशेब केला होता, उष्णतेचा नाही. आणि त्या विसरण्याची झळ बोलून न दाखवणाऱ्या माणसाला लागत होती. याची लाज वाटली.

तेव्हा वाढवता येण्याचा खरा उपयोग कळला. वाळ्याचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. रेडिएटर मी त्या समोरच्या खिडकीत नेला. झटपट जोड सोडवून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर नळी वाढवली, खिडकीपाशी पंप असलेली छोटी टाकी जोडली. उंचीची चिंता नव्हती. भरलेल्या बंद नळीत चढणारे पाणी उतरणाऱ्या पाण्याने तोलले जाते. अडथळा वाढतो तो लांबीचा, म्हणून दुसरा पंप. आता खोलीतून निघून जाणारी हवा जाता जाता प्रोसेसरची उष्णताही घेऊन जाते. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरला मिळते ती खोलीतली तिशीची हवा. भाचा हे ऐकून हसला आणि म्हणाला, असे चित्र कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

या व्यवस्थेत दोष आहेतच. रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ बसते, ती महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढावी लागते. कबुतरांसाठी जाळी लावली. द्रव दर वर्षी बदलायचा ठरवला आहे. मार्चमध्ये टाकीतली पातळी दोन बोटे उतरली होती, ती भरली. खर्च मोठ्या हवेच्या कूलरच्या तिपटीवर गेला. ज्यांना पेटी उघडायची इच्छा नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

‘युगवाणी’चे गठ्ठे सध्या चालू आहेत. यंत्राला ‘ष’ आणि ‘प’ अजून नीट वेगळे करता येत नाहीत. दुपारी कूलर घुमत असतो, संगणक वाचत असतो आणि अण्णा मध्येच हात वर करून चुकलेला शब्द सांगतात. मी तो दुरुस्त करते, पान पुढे जाते.