उदास शब्द, गोड सूर

मुलांनो, तुम्ही गझल ऐकली असेल. गझलेत पुष्कळदा दुःखाची गोष्ट असते. पण ती इतक्या गोड सुरांत गातात, की ऐकतच राहावेसे वाटते. दुःख ऐकून मनाला बरे का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर मला दूरदेशीच्या एका अल्बममध्ये सापडले. त्याची गोष्ट तुम्हांला सांगतो.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचे मोठे शहर आहे. तेथे स्टुअर्ट मर्डॉक नावाचा एक तरुण राहत होता. कॉलेजात शिकत असताना त्याला एक आजार जडला. या आजारात माणसाला सतत थकवा येतो. थोडे काम केले तरी अंगातले बळ संपते. त्याचे शिक्षण सुटले. सुमारे सात वर्षे त्याला कोणतेही काम करता आले नाही. त्या एकांतात तो गाणी रचू लागला.

पुढे त्याची प्रकृती सुधारली. एका चर्चची देखभाल करण्याचे काम त्याला मिळाले. १९९६ साली त्याने साथीदार जमवले. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'बेल अँड सबॅस्टियन'. हे नाव मुलांच्या एका फ्रेंच गोष्टीतले आहे. त्या गोष्टीत सबॅस्टियन हा मुलगा आणि बेल ही त्याची लाडकी कुत्री!

त्यांचा पहिला अल्बम तीन दिवसांत तयार झाला. त्याच्या फक्त १००० तबकड्या काढल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा अल्बम निघाला. त्याचे नाव 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. तो एका छोट्या कंपनीने काढला. मोठ्या कंपन्यांवर अवलंबून न राहता निघणाऱ्या अशा संगीताला 'इंडी' म्हणतात.

या अल्बममध्ये १० गाणी आहेत. गाणारा ओरडत नाही. जणू शेजारी बसून तो हळूच काही सांगत आहे, असे वाटते. एका गाण्यात बर्फात अन्न शोधणारा भुकेला कोल्हा आहे. शेवटच्या गाण्यात घोड्यांची स्वप्ने पाहणारी ज्यूडी आहे. ते गाणे गिटारीवर हळुवार सुरू होते. मग एकेक वाद्य त्यात मिसळते. ट्रंपेट वाजू लागले, की मन भरून येते.

एकदा मी तापाने तीन आठवडे अंथरुणावर होतो. भेटायला येणारे म्हणत, "काळजी करू नका, लवकर बरे व्हाल." त्यांचे म्हणणे खरे होते, पण माझे मन काही हलके होत नसे. मग मी ही गाणी लावत असे. ती 'रडू नकोस' असे सांगत नाहीत. 'हसत राहा' असा उपदेशही करत नाहीत. शब्द दुःखाला दुःखच म्हणतात आणि सूर ते सोसायला मदत करतात. आपण एकटे नाही, एवढे मनाला कळते. म्हणूनच उदास गाणे गोड लागते.

मुलांनो, तुमचा एखादा मित्र आजारी असेल, दुःखी असेल, तर त्याला लगेच शहाणपण शिकवू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याचे ऐकून घ्या. चांगले गाणेही तेच करते.