नाव शोधताना

दिवाळीत आमच्या वासणा रस्त्यावरच्या घरी पुतणी आली होती. ती संगणकाचे काम करते. जेवणे झाल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर ग्रंथालयात सूचीकार होतात. माझ्या एका साधनाची माहितीपुस्तिका लिहून द्याल? मात्र ती माणसांनी नाही, यंत्राने वाचायची आहे."

साधन तसे साधे. कंपनीचे नाव द्यायचे आणि शेअरबाजारातले तिचे चिन्ह, म्हणजे टिकर, मिळवायचे. एकोणिसाव्या शतकात तारयंत्रावरून आलेले भाव कागदी फितीवर टिकटिक करीत उमटत, त्यावरून हा शब्द आला. फीत गेली, शब्द राहिला. आता हे चिन्ह शोधणार कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट'; माणसाच्या वतीने चौकश्या आणि हिशेब करणारे कारकूनच म्हणा ना. साधन केव्हा वापरावे, त्याला काय विचारावे, आलेले उत्तर कसे वाचावे, हे त्यांना पुस्तिकेवरूनच कळते. जे लिहिलेले नसते ते हे कारकून आपल्या मनाने भरून काढतात, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

उदाहरणासाठी मी बँक ऑफ बरोडा घेतली. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने १९०८ साली स्थापन झालेली ही बँक आपल्या घरांत अजूनही 'बडोदे बँक' आहे. १९७४ पासून शहर अधिकृतपणे वडोदरा झाले, बँकेचे नाव मात्र बदलले नाही. राष्ट्रीय शेअरबाजारात तिचे चिन्ह 'बँकबरोडा', मुंबई शेअरबाजारात तिचा क्रमांक ५३२१३४. 'बँक ऑफ वडोदरा' असे शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? त्यातच १ एप्रिल २०१९ रोजी विजया आणि देना या बँका तिच्यात विलीन झाल्या. त्यांची जुनी चिन्हे घेऊन येणाऱ्याला परत न पाठवता इकडे वळवायला हवे. ग्रंथालयात यासाठी 'पहा' नोंद असते; लेखकाच्या टोपणनावाच्या कार्डावर त्याच्या खऱ्या नावाकडे बोट दाखवणारी. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोलावलेल्या बोर्डन यांनी ग्रंथालयांची घडी बसवली, त्या बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे निराळे शिकावे लागत नाही. मसुदा तीन दिवसांत झाला.

एका ठिकाणी मात्र लेखणी अडली. एका नावाला दोन कंपन्या जुळल्या तर? पुतणी म्हणाली, "पहिली घेऊ दे. बहुधा तीच बरोबर असते."

बहुधा. नावाला भुलणारे थोडे नसतात. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूची टंचाई होती, तेव्हा बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा भाव महिन्याभरात दुपटीहून वर गेला. वायूचा धंदा तिने २०१९ मध्येच सोडला होता. पण मला दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

१९९४ साली माझ्या आत्याने निवृत्तीच्या पैशांतले तीस हजार माझ्या हाती दिले आणि एका कंपनीचे नाव सांगितले. सयाजीगंजात तेव्हा वडोदरा शेअरबाजाराची मोठी धामधूम होती. दलालाच्या कचेरीत त्या नावाच्या दोन कंपन्या निघाल्या, शेवटचा शब्द तेवढा वेगळा. आत्याचे घर दांडिया बाजारात. जाऊन विचारून यायला तासभर पुरला असता. मला लाज वाटली. नाव नीट ऐकून न घेतलेला सूचीकार! जे भारदस्त वाटले ते नाव मी सांगितले. चार वर्षांत ती कंपनी पत्त्यासकट नाहीशी झाली. दुसरी आजही चालू आहे.

आत्याला मी "कंपनी बुडाली" एवढेच सांगितले. चुकीची घेतली होती, हे सांगितले नाही. ती २००६ मध्ये गेली. तोवर दर संक्रांतीला मला तिळगूळ देताना पूर्वीइतकीच हसत असे.

हे मी प्रथमच कुणाला सांगितले, ते पुतणीला. मग पुस्तिकेत लिहिले: एकाहून अधिक नावे जुळल्यास निवड करू नये, सर्व नावे, बाजार आणि चलन यांसह, माणसापुढे ठेवून विचारावे. एकही न जुळल्यास तसे सांगावे, जवळचे नाव पुढे करू नये.

कपाटातली शेअरची पिवळी पडलेली सर्टिफिकिटे तिला दाखवली. तिने त्यावरचे नाव आपल्या साधनात घातले. उत्तरात रिकामी यादी आली. ती काही बोलली नाही. माझे ते वाक्य उचलून तिने पुस्तिकेच्या सर्वांत वर नेऊन ठेवले.