राजमाचीचे सोबती

राजमाची किल्ल्याखालील उधेवाडीतून पौषातल्या पहाटे आम्ही निघालो, तेव्हा गावातील दोन कुत्री न बोलावताच वाटाड्यांसारखी पुढे झाली. श्रीवर्धनच्या बुरुजावरून पाहिले तर उल्हास नदीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले; पावसाळी धबधब्यांच्या जागी कोरड्या कड्यांवर केवळ पांढुरक्या रेघा. सूर्य वर आल्यावर दशम्या सोडल्या. निम्म्या त्या दोघांना दिल्या आणि, बँकेतील सवयीने, मनातल्या मनात जमेच्या बाजूस नोंदही केली.

गड उतरून कोंडाण्याची रानवाट धरली. ती दोन्ही मागे होतीच. तासाभराने मोळी घेऊन चढणारे एक वयस्क गावकरी भेटले. म्हणाले, “साहेब, त्यांना खायला घालू नका. त्या आशेनं ती पार खाली जातात. मग खालची कुत्री त्यांना परत फिरू देत नाहीत.”

त्यांनी हाका मारल्या. कुत्री माझ्या पिशवीकडेच पाहत राहिली. सोबत्यांना पुढे पाठवून मी ती खडी वाट पुन्हा चढलो. गुडघ्यांनी पावलागणिक तक्रार केली. उधेवाडीचे पहिले घर दिसताच दोन्ही धावत सुटली. इसवी सनापूर्वीची कोंडाणे लेणी मात्र पाहायची राहिली.