अब्बांची लूना

शिरूरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांची लूना बारा-चौदा वर्षं पडून होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकी आतून गंजलेली. भंगारवाला भाव सांगून गेला, पण अम्मी ठाम होती, "विकायची नाही." याच गाडीवर बांगड्यांच्या पेट्या बांधून अब्बांनी न्हावरे, काष्टीचे बाजार केले. आम्हा भावंडांच्या फिया तिनेच भरल्या.

कायनेटिकने १९७२मध्ये लूना आणली. ५० सीसीचं इंजिन आणि सायकलसारखे पेडल. कारखाना आमच्याच रस्त्यावर, नगरला. गवळी, मास्तर, फेरीवाले, सगळ्यांना परवडणारी गाडी. आता २०२४पासून विजेवरची लूनाही आलीय.

मला मात्र तेव्हा तिची लाज वाटायची. चढाला अब्बा पेडल मारायचे, मागच्या पेट्या खळखळायच्या आणि पोरं हसायची. मी शाळेच्या अलीकडच्या वळणावरच उतरायचो. अब्बांनी कधी कारण विचारलं नाही.

दौंडला एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. टेम्पोत घालून लूना त्यांच्याकडे नेली. पुण्याच्या नाना पेठेत हिंडून पिस्टन, रिंगा, केबली आणल्या. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला. दोन महिन्यांनी गाडीने धूर सोडला, तेव्हा चाचा म्हणाले, "पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नको. टू-स्ट्रोक आहे, पिस्टनला वंगण तेवढंच."

पाटस, चौफुला, पारगाव करत मी मजेत निघालो. न्हावऱ्यात पेट्रोल संपत आलं म्हणून पंपावर टाकी भरली. आनंदाच्या भरात ऑइल राहिलं. शिरूर चार-पाच किलोमीटरवर असताना इंजिन जाम झालं.

इंजिन चाकापासून सोडवलं आणि पेडल मारायला लागलो. ऊन डोक्यावर, गाडी जड, मांड्या भरून आल्या. अब्बा तर हे पेट्या लादून करायचे, तेही आठवड्यातून तीन-चारदा.

गावात शिरलो तेव्हा शाळा सुटली होती. पोरं मला बघून हसली. उतरून गाडी ढकलत न्यावी, असं क्षणभर वाटलं. पण उतरलो नाही. फाटकासमोरून पेडल मारतच गेलो.

अब्बा ओट्यावर बसले होते. गुडघ्यांमुळे आता त्यांना उठवत नाही. घामाघूम मला, मग गाडीला बघितलं आणि म्हणाले, "ऑइल टाकलं नव्हतंस ना?"

मी मान हलवली. "उद्या दौंडला परत ने," ते म्हणाले, "या वेळी मी पण येतो."