निसटलेला चेंडू

मैदानावर मिळणारे धडे वर्गातील धड्यांहून कमी मोलाचे नसतात, असे आमचे गुरुजन वारंवार सांगत असतात. ह्या वचनाची सत्यता मला गतवर्षी पटली. आणि नवल असे की, ती पटविण्यास हजारो मैलांवरील एक परका खेळ कारण झाला. तो वृत्तांत वाचकांस सादर करीत आहे.

प्रथम माझा अपराध सांगितला पाहिजे. आंतरशालेय फुटबॉलच्या एका सामन्यात मी बचावफळीत खेळत होतो. उत्तरार्ध संपत आला, तेव्हा आमच्यावर चार गोल झाले होते व आमचा एकही झाला नव्हता. इतक्यात प्रतिपक्षाचा एक गडी चेंडू घेऊन मजजवळून निसटला. मी चार पावले धावलो आणि 'आता धावून काय उपयोग?' असे मनाशी म्हणत कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आमचा गोलरक्षक माझा जिवलग मित्र. तो मात्र एकटा पुढे धावला आणि त्या गड्याच्या पायांशी त्याने स्वतःस झोकून दिले. पाचवा गोल व्हावयाचा तो झालाच. मित्राची दोन्ही कोपरे मात्र सोलून निघाली. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. परतताना बसमध्ये तो नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसला.

दिवाळीच्या सुटीत मामांकडे गेलो असता ही हकीकत मी त्यांच्या कानावर घातली. मामा काही वर्षे अमेरिकेत नोकरीस होते व तेथील फुटबॉलचा त्यांना मोठा नाद. त्यांनी उपदेश केला नाही. एका जुन्या सामन्याचे चित्रण माझ्यापुढे लावले.

तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. तो हाती घेऊन पळावयाचे. दोन गोलरेषांमधील अंतर 100 यार्ड. चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढे सरकावे लागते. परंतु पळणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला, की तो जो हस्तगत करील त्याच्या पक्षाचा! म्हणून चेंडू जपणे ही तेथील धंदेवाईक खेळाडूंची पहिली विद्या होय. बोटे चेंडूच्या टोकावर घट्ट, आणि चेंडू हात, दंड व छाती ह्यांच्यामध्ये दाबलेला. गर्दीत शिरताना दुसरा हातही त्यावर. मामांनी मला टिकी बार्बर ह्या न्यू यॉर्क जायंट्सच्या खेळाडूची गोष्ट सांगितली. 2002 व 2003 ह्या दोन्ही हंगामांत त्याच्या हातून नऊ नऊ वेळा चेंडू निसटला. 2004 साली टॉम कफलिन हे कडक शिस्तीचे मुख्य प्रशिक्षक आले. बार्बरने चेंडू धरण्याची जुनी सवय टाकून तो छातीशी उंच व आवळून धरण्याचा अभ्यास केला. 2005 च्या हंगामात, तिशी गाठलेली असता, तो 1,860 यार्ड धावला आणि चेंडू निसटला तो एकदाच. मुरलेल्या खेळाडूसही मुळाक्षरे पुन्हा गिरवावी लागतात, हे त्यावरून दिसते.

आता त्या चित्रणाकडे वळतो. 31 जानेवारी 1993 रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे डॅलस काउबॉइज व बफेलो बिल्स ह्यांचा अंतिम सामना झाला. बफेलोचा संघ आधीच्या दोन वर्षी अंतिम सामन्यात हरला होता. त्या दिवशी तर त्याने चेंडू नऊ वेळा शत्रूच्या स्वाधीन केला. शेवटच्या चरणात डॅलसचे 52 गुण व बफेलोचे 17 अशी स्थिती होती. त्यातच बफेलोच्या हातून चेंडू पुन्हा निसटला. डॅलसच्या लिऑन लेट नामक धिप्पाड गड्याने तो उचलला व मोकळ्या मैदानातून तो गोलरेषेकडे पळत सुटला. अडविणारा कोणी नाही असे पाहून त्याने वेग मंद केला आणि चेंडू धरलेला हात ऐटीने बाजूस पसरला. त्याच वेळी पाठीमागून बफेलोचा डॉन बीबी जिवाच्या आकांताने धावत येत होता. रेषा अगदी हाताशी आली असता त्याने मागून चेंडूवर हात मारला. चेंडू उडाला, मैदानाबाहेर गेला आणि लेटच्या पदरी एकही गुण पडला नाही. ससा व कासव ह्यांची गोष्ट आपण बालपणीच ऐकलेली. येथे ती माझ्या डोळ्यांसमोर घडली.

मी विचारले, "मामा, पण बफेलो सामना हरलेच ना?"

"हरले. 52-17 असेच हरले."

"मग त्या धावण्याने त्यांना मिळाले काय?"

मामा किंचित हसून म्हणाले, "हे तू तुझ्या गोलरक्षकाला विचार."

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. गुणफलक पाहून मी माझे कर्तव्य ठरविले होते. बीबीने गुणफलकाकडे पाहिले नाही. आपला सोबती चुकला आहे व आपले पाय अद्याप शाबूत आहेत, एवढेच त्याने पाहिले. माझ्या मित्रानेही तेच केले होते, आणि मी त्यास एकटे टाकले होते.

सुटी संपताच मी त्याच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्याने कोपरावरचा व्रण दाखविला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी अर्धा तू घे." दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा एका बाकावर बसू लागलो.

लिऑन लेटविषयीही दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. त्या चुकीमुळे जगाने त्याचा उपहास केला. परंतु तो खचला नाही. पुढेही तो अनेक वर्षे खेळला, दोन वेळा निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि कालांतराने आपल्याच जुन्या संघात तरुणांचा प्रशिक्षक झाला. चूक झालेल्यासही परतण्याची वाट असते, हे मजसारख्यास मोठे आश्वासन वाटते.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे, हे आपण प्रार्थनासभेत ऐकतो. जिंकत असताना चेंडू छातीशी धरावा आणि हरत असतानाही धावणे सोडू नये, एवढा त्या उपमेचा अर्थ मला आता समजू लागला आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता दहावी